तीनशेच्या पुढे

पुतण्यांनी त्यांचं नाव कितीकाकू ठेवलं, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. कुणी काहीही सांगायला आलं की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला. "काकू, मैदानात हजारो लोक होते!" "किती हजार?" "काकू, कधीपासून डोकं दुखतंय." "किती वाजल्यापासून?" थोरली पुतणी एकदा धीर करून म्हणाली, "काकू, माझं त्याच्यावर खूप प्रेम आहे," आणि मग दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. त्या खेपेला काकूंनी विचारलं नाही. पण ओठांवर आलं होतं, असं पुतणी अजून शपथेवर सांगते.

नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता तो म्हणायचा, "आमच्याकडे दोघंही मोजण्यावर पोट भरतो. मी इंचात चुकलो तर कापड वाया जातं. ही चुकली तर काय होतं, ते तिने अजून दाखवलेलं नाही."

काकू पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होत्या. एकतीस वर्षं एकाच टेबलावर. शहरात येणाऱ्या, साठणाऱ्या आणि नळातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने तिथे येत. नमुन्यातले थेंब काचेच्या चपट्या बशीत, जंतूंना लागणाऱ्या खुराकाच्या थरावर पसरायचे. बशी झाकून दोन दिवस उबेला ठेवायची. पाण्यात जो काही जीव असेल तो वाढतो आणि डोळ्यांना ठिपका दिसायला लागतो. एक ठिपका म्हणजे मुळातला एक जंतू. मग बशी दिव्याच्या पेटीवर उपडी ठेवायची, वरून भिंग धरायचं आणि मोजायचं. मोजलेल्या ठिपक्यावर बशीच्या पाठीकडून शाईच्या पेनाने खूण करायची, म्हणजे तो पुन्हा मोजला जात नाही. आकडा रजिस्टरात लिहायचा. काम एवढंच. दिवसाला वीस-बावीस बश्या.

हे काम त्यांना तात्यांनी शिकवलं. तात्या म्हणजे तेव्हाचे थोरले तंत्रज्ञ, बोटांना कायम स्पिरिटचा वास असणारा किडकिडीत माणूस. पहिल्याच आठवड्यात एक बशी ठिपक्यांनी गच्च भरून आली आणि नव्या बाईंनी रजिस्टरात लिहिलं, 'भरपूर'.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "भरपूर हे जेवणाबद्दल बोलावं. तीनशेपर्यंत मोजायचं. दोनशे नव्व्याण्णव आले तर दोनशे नव्व्याण्णवच लिहायचे, डोळे फुटले तरी. तीनशेच्या पुढे ठिपके एकमेकांच्या अंगावर चढतात. दोघांचा एक दिसतो, एकाचे दोन दिसतात. तिथून पुढे मोजणारा खोटं बोलायला लागतो. म्हणून तिथे एकच शब्द लिहायचा. अगणित."

"म्हणजे खूप."

"खूप नव्हे. अगणित म्हणजे पाण्याचं वर्णन नाही बाई, आपली कबुली आहे. इथून पुढचा माझा आकडा खरा नसेल, एवढंच तो शब्द सांगतो. आणि लक्षात ठेवा, आळशी माणसाला तो फार आवडतो."

काकूंनी हे पदरात बांधून ठेवलं. पुढे एका सहकाऱ्याने जेवणाची सुट्टी गाठायच्या घाईत एका बशीवर 'अगणित' लिहिलं, तेव्हा त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यातून परत काढली, मोजली आणि त्याच्यासमोर ठेवली. एकशे त्र्याऐंशी. तो महिनाभर बोलत नव्हता. वर्तमानपत्रात 'असंख्य नागरिकांची उपस्थिती' असं छापून आलं की काकू फोटोत डोकी मोजून बघत. आणि एकतीस वर्षांच्या रजिस्टरांत त्यांच्या अक्षरात एकही खाडाखोड नव्हती. हे त्या स्वतः कधी बोलून दाखवत नसत. पण नवा साहेब आला की शिपाई त्याला कपाटातली रजिस्टरं दाखवी आणि म्हणे, "कुठलंही पान उघडा." ते ऐकायला काकू त्या वेळी नेमक्या खोलीत असत.

निवृत्तीला चार महिने उरले असतानाची गोष्ट.

टेकडीवरची पाण्याची टाकी धुवायला काढली होती. टेकडीखालच्या वसाहतीला चार दिवस टँकरचं पाणी चाललं होतं आणि साहेबांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. टाकी धुऊन, भरून, तिचा नमुना प्रयोगशाळेत आला. दोन दिवसांनी, मंगळवारी दुपारी, तो मोजायला निघाला.

त्या दिवशी सकाळपासून काकूंचा हात चांगला चालला होता. नदीच्या पाण्याच्या एका बशीत दोनशे अठ्ठ्याऐंशी ठिपके निघाले. दुसऱ्या कुणीही डोळे मिटून अगणित लिहिलं असतं. त्यांनी पाऊण तास घालून दोनदा मोजले, दोन्ही वेळा तोच आकडा आला, आणि त्या खुशीत त्यांनी चहा मागवला.

टाकीच्या बश्या शेवटी आल्या. दोन नमुन्याच्या आणि सोबत एक कोरी. कोऱ्या बशीत पाणी घालतच नाहीत. ती फक्त खुराक स्वच्छ होता की नाही हे कळायला ठेवतात. काकूंनी तिन्ही दिव्यावर धरल्या. एकीवरही ठिपका नव्हता. टाकी धुतलेली आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे ठिपका दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. त्यांनी लिहिलं, शून्य, शून्य, शून्य. साहेब दारातच उभे होते.

"काय बाई?"

"स्वच्छ."

"सुटलो बुवा! उद्या सकाळी सहाला पाणी सोडायला सांगतो," म्हणत साहेब फोनकडे वळले.

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर काकू पाय पसरून बसल्या होत्या. नवऱ्याने त्यांच्या नाकावरचा चष्मा उचलला आणि दिव्याकडे धरला.

"काय ही दशा! यातून तुला मी तरी नीट दिसतो का?"

"तेवढं दिसता. आणि काच स्वच्छ आहे, सकाळीच पुसलीय."

"स्वच्छ?" त्याने शिवणाच्या मऊ कापडाने एकच काच पुसली, दुसरी तशीच ठेवली आणि चष्मा त्यांच्यासमोर धरला. "आता बघ."

काकूंनी बघितलं. पुसलेल्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब सुईसारखं टोकदार दिसत होतं. न पुसलेल्या काचेत तोच दिवा कापसासारखा. मघाशी दोन्ही सारख्याच मळलेल्या होत्या, तेव्हा काही दिसलं नव्हतं.

"सगळीकडे सारखा थर असला की कळत नाही," नवरा म्हणाला. "हे घे. आणि नंबर तपासून घे एकदाचा."

काकूंनी चष्मा हातात घेतला, पण घातला नाही. दुपारची दिव्याची पेटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली होती. वरच्या ट्यूबलाइटची रेघ कोऱ्या बशीत लख्ख दिसली होती, दोरी ताणल्यासारखी. बाकीच्या दोघींत ती रेघ कशी होती? फुगलेली? पुसट? की त्यांनी नीट बघितलंच नव्हतं?

तात्यांनी हेही एकदा सांगितलं होतं, उभ्या उभ्या, जाता जाता. जंतू फारच झाले, तीनशे नव्हे, तीन लाख झाले, की ठिपका राहतच नाही. सगळ्यांची मिळून एकच पातळ साय धरते, या काठापासून त्या काठापर्यंत. ती बशी कोरीच वाटते. नदीचं पाणी आधी पातळ करून घेतात, म्हणून त्यात तसं होत नाही. आणि टाकीचं पाणी कधी एवढं वाईट निघत नाही. एकतीस वर्षांत काकूंनी तशी बशी पाहिली नव्हती. किंवा पाहिली होती आणि शून्य लिहिलं होतं. हा दुसरा विचार त्यांनी लगेच झटकून टाकला.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. साहेबांचा नंबर फोनमध्ये होता.

"काय गं, काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही."

आपल्याला नुसती शंका आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. प्रयोगशाळेला कुलूप आहे, किल्ली शिपायाकडे आहे, बशी बघितल्याशिवाय बोलणं बरं नव्हे. हे सगळं खरं होतं. पण उद्याचं पाणी थांबवा एवढं सांगायला बशी बघायची गरज नव्हती, हेही त्यांना कळत होतं. शंका खोटी निघाली असती तर वसाहतीला आणखी एक दिवस टँकर आला असता, साहेब चिडले असते. खरी निघाली असती तर कपाटातलं कुठलंही पान उघडा म्हणायची सोय राहिली नसती. काकूंनी फोन उलटा करून ठेवला.

सकाळी शिपाई कुलूप काढायला आला तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. सातला पाच मिनिटं कमी होती. वापरलेल्या बश्या निर्जंतुक व्हायला वाफेच्या भांड्यात जायच्या आधी रात्रभर एका बादलीत असतात. काकूंनी वरच्या तीन काढल्या, टाकीच्या दोन आणि कोरी. तारेचं टोक ज्योतीवर धरलं, निवू दिलं, आणि टाकीच्या दोन्ही बश्यांच्या मधोमध एकेक रेघ ओढली.

रेघ उमटली. दोन्ही बाजूंना साय सरकली आणि मधून खालचा खरा थर चमकला. कोऱ्या बशीत तसंच केलं. तिथे तारेखाली काहीच नव्हतं.

साहेबांनी तिसऱ्या घंटेला फोन उचलला.

"साहेब, टाकी बंद करायला सांगा. काल मी शून्य लिहिलं ते चुकीचं आहे. अगणित आहे."

"बाई, शून्य आणि अगणित यांत गल्लत कशी होईल?"

"सारखीच दिसतात, साहेब. आधी टाकी बंद करा."

सात वाजून वीस मिनिटांनी चावीवाल्याने टेकडीवरची चावी फिरवली. पाणी त्याने सहाच्या ठोक्याला सोडलं होतं. "इमानदारीत सोडलं बाई, एक मिनिट उशीर नाही केला," तो म्हणाला. दुपारी टाकीवर चढलेल्या माणसांना हवेच्या खिडकीची जाळी फाटलेली सापडली. आत दोन मेलेली कबुतरं तरंगत होती.

त्याआधी, सकाळी नऊला, साहेबांच्या खोलीत सगळे जमले होते. साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरलेले होते. "गाडीवर भोंगा लावून फिरवू. पाणी ओतून द्या, पिऊ नका. आणखी काय करणार? ऐंशी मिनिटं पाणी गेलंय. अगणित भांडी भरली असतील. कुणाकुणाला गाठणार?"

"तो शब्द इथे नको, साहेब," काकू म्हणाल्या.

"कुठला शब्द?"

"अगणित. त्या वसाहतीत नळ किती आहेत ते आपल्याला माहीत आहे." त्या मीटर वाचणाऱ्याकडे वळल्या. "किती?"

मीटर वाचणारा पोट सुटलेला, थट्टेखोर गृहस्थ होता. त्याने यादी चाळली. "तीनशे बारा. बाई, तुमच्या नियमाने तीनशेच्या पुढे अगणित ना? मग वरची बारा घरं सोडायची का?"

"घरं एकमेकांच्या अंगावर चढत नाहीत," काकू म्हणाल्या. "चला."

भोंगा फिरला, आणि त्याच्या मागून काकू, मीटर वाचणारा आणि चावीवाला दारोदार फिरले. भोंगा ऐकून कुणी पाणी ओतून दिलं होतं. कुणाला भोंगा म्हणजे निवडणूक वाटली होती. एका बाईने बादली तशीच हातात धरून विचारलं, "काल सांगितलंत टाकी धुतली. आज म्हणता घाण आहे. तुमच्यात मोजतं तरी कोण?"

"मी," काकू म्हणाल्या.

बाईने बादली मोरीत रिकामी केली.

दोनशे सातव्या घरात एक म्हातारे घड्याळजी एकटे राहत. पुढच्या खोलीत चार भिंतींना मिळून एकोणीस घड्याळं होती आणि सगळी एकच वेळ दाखवत होती. काकूंच्या हे दारातच लक्षात आलं.

"पाणी प्यालात का, बाबा?"

"दोन पेले. डॉक्टरांनी सांगितलंय, उठल्या उठल्या दोन पेले. आज नळाला आलं म्हणून ताजं घेतलं. सहा वाजून पाच मिनिटांनी."

"पोटात काही?"

"अजून तरी नाही. आणि तुम्हाला कधी कळलं, पाणी वाईट आहे ते?"

प्रश्नात टोमणा नव्हता. वेळ विचारणं हा त्या माणसाचा स्वभाव होता, जसा किती विचारणं हा काकूंचा.

"आज सकाळी. सातला," काकू म्हणाल्या.

घड्याळजींनी मान हलवली. "म्हणजे पंचावन्न मिनिटं हुकली. नशीब, दुसरं काय." काकूंनी यादीत खूण केली, उकळून प्या असं पुन्हा बजावलं, दवाखान्याचा नंबर लिहून दिला आणि पुढच्या घराकडे निघाल्या.

संध्याकाळी सहापर्यंत तीनशे नऊ दारांवर खुणा झाल्या. तीन घरांना कुलपं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्या जाऊन तीही उरकून आल्या. पुढचे आठ दिवस त्या कामावरून सुटल्या की वसाहतीच्या दवाखान्यात जात आणि आकडा विचारत. तीन. सात. अकरा. अकरावर तो थांबला. जुलाब, उलट्या, ताप. दहा जण घरीच बरे झाले. अकरावे घड्याळजी. त्यांना मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं, चौथ्या दिवशी घरी सोडलं, आणि नवव्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसल्या जागी गेले. वय एकोणऐंशी. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. पाण्यामुळे अशक्तपणा आला आणि म्हणून हृदय थांबलं का, असं काकूंनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "होय म्हणता येत नाही. नाही म्हणता येत नाही."

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "अकरा आजारी पडले, अकराही उठले. म्हातारा त्याच्या वयाने गेला. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस."

"तुम्हाला एक सांगायचं आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी आठ वाजून पाच मिनिटांची गोष्ट सांगितली. नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. त्या संध्याकाळी चष्मा त्यानेच पुसला होता.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तुम्ही फोन करायला लावला असता."

"लावलाच असता."

"म्हणून नाही विचारलं."

खात्याची चौकशी पंधरा दिवसांत संपली. जाळी फाटल्याचा ठपका टाकी धुणाऱ्या ठेकेदारावर आला. बशीबद्दल साहेबांनी लिहिलं की अशी बशी ओळखणं अवघड असतं, संबंधित बाईंनी चूक लक्षात येताच विनाविलंब कळवलं आणि दारोदार फिरून मोठी हानी टाळली. बाधित अकरा. मृत्यू नाही. खाली नवा नियमही होता. यापुढे शून्य लिहिण्याआधी प्रत्येक बशीत तारेने रेघ ओढून बघावी. ही सूचना काकूंचीच होती आणि प्रयोगशाळेत ती आजही पाळतात.

"साडेतीन महिन्यांनी तुमच्या निरोपाला हेच वाचून दाखवणार आहे," साहेब म्हणाले. ते मनापासून बोलत होते.

काकूंनी अहवाल दोनदा वाचला. 'विनाविलंब' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, त्या मंगळवारचं पान उघडलं आणि पट्टी लावून दोन शून्यांवर एकेक आडवी रेघ मारली. वर लिहिलं, अगणित. अगणित. बाजूला सही केली. एकतीस वर्षांतली पहिली खाडाखोड. ती व्यवस्थित दिसत होती, नवशिक्या माणसाच्या गिचमिडीसारखी नव्हती.

मग त्या शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागल्या. साहेब टेबलाच्या पलीकडून उलटं वाचत होते.

'शंका त्याच दिवशी संध्याकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी आली. कळवलं नाही. पाणी सुटायला नऊ तास पंचावन्न मिनिटं होती. बाधित अकरा. पैकी एकाचा नवव्या दिवशी मृत्यू. कारण हृदय. पाण्याशी संबंध सांगता येत नाही.'

साहेबांनी हात पुढे केला, पण रजिस्टर ओढून घेतलं नाही. "बाई, हे कशाला? याने पुन्हा चौकशी लागेल. निवृत्तीच्या तोंडावर. आणि हे तुम्हाला कुणीही विचारलेलं नाही."

"एकाने विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "मी त्याला सात सांगितले."

बाहेर शिपाई बश्यांची बादली वाफेच्या भांड्याकडे घेऊन चालला होता. काचेवर काच वाजत होती. साहेबांनी रजिस्टर आपल्याकडे वळवून ते पान पुन्हा वाचलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, शेऱ्याखाली सही केली, तारीख घातली आणि रजिस्टर मिटायला घेतलं.

काकूंनी पानावर बोट ठेवलं.

"वेळ घालायची राहिली, साहेब."